टाळी एक, अर्थ तीन

पत्राचा गोशवारा : ठाण्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर गेली दोन वर्षं त्या सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी गाण्याचा वर्ग घेतात. सात ते दहा वर्षांची अकरा मुलं आणि चार मोठ्या बायका. सूर बऱ्यापैकी लागतात, अडतं ते तालापाशी. आठ वर्षांचा एक मुलगा टाळी धरायला सांगितली की गाण्याच्या प्रत्येक अक्षरावर टाळी वाजवतो. साठीच्या एक काकू दर कडव्यात पुढे पळतात. ताईंनी मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक गतीनं टिकटिक करणारं यंत्र) लावून पाहिला, पेटी वाजवत ‘एक दोन तीन चार’ मोजलं, केरवा तालाचा ठेका पाठ करून घेतला, फळ्यावर ‘मात्रा’ आणि ‘लय’ यांच्या व्याख्या लिहून दिल्या, गाणं मुद्दाम संथ घेतलं. फरक पडला नाही. मुलगा गाताना चुकत नाही, टाळीत चुकतो. सहा आठवड्यांनी सोसायटीत कोजागिरीचा कार्यक्रम आहे, त्यात मुलं टाळी धरून गाणार आहेत. मुलाची आई म्हणते, “आमच्या घरात कुणालाच ताल नाही, त्याला चित्रकलेला घालू का?” ताई विचारतात : बीट आणि ऱ्हिदम यांतला फरक नवख्यांना समजावायचा कसा? ताल उपजतच असावा लागतो का? आणि या मुलाला कार्यक्रमात घ्यावं की नाही?

ताई,

‘गाताना चुकत नाही, टाळीत चुकतो’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी मात्र तिथेच अडकले, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची मेख त्यात आहे.

हा मुलगा गातो तेव्हा कुठलं अक्षर आखूड, कुठलं लांब, कुठे दोन अक्षरं झटकन उरकायची आणि कुठे एकच ताणायचं, हे सगळं बरोबर धरतो. मग तुम्ही त्याला सांगता, “गाण्याबरोबर टाळी वाजव.” तो वाजवतो. गाण्यात त्याला जे जे ऐकू येतं त्या प्रत्येकाबरोबर वाजवतो. तुमचं म्हणणं त्यानं तंतोतंत पाळलेलं आहे! तुम्हाला हवी होती दुसरीच टाळी, शब्दांच्या खालून एकसारखी चालत राहणारी. ती गाण्याच्या ओळीत ऐकू येतेच असं नाही, ती आपण मनात धरून असतो. त्याला ती धरता येत नाही की तुम्ही ती मागताय हेच त्याला कळलेलं नाही, हा पहिला प्रश्न. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

असं का वाटतं ते सांगते. आपण वर्गात एकच टाळी तीन वेगवेगळ्या कामांना लावतो. बऱ्याच बालवाड्यांत बाई मुलांकडून नावातली अक्षरं टाळीनं मोजून घेतात. क-वि-ता, तीन टाळ्या. ही झाली बोलांची टाळी. घरी गणपतीच्या आरतीला सगळे मिळून वाजवतात ती मात्रांची, म्हणजे एकसारख्या ठोक्यांची टाळी. आणि तुम्ही संगीत शिकलात तेव्हा गुरुजींनी हातावर ताल द्यायला शिकवलं असेल, ती तालाची टाळी. ती तर प्रत्येक मात्रेवर पडतच नाही. तीनतालात १६ मात्रा, पण टाळ्या तीनच : पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर. नवव्या मात्रेला खाली, तिथे हात नुसता बाजूला जातो. केरव्याच्या ८ मात्रांना एक टाळी आणि एक खाली. तुम्ही-आम्ही या तीन टाळ्यांमधून इतक्या सवयीनं ये-जा करतो की आपलं लक्षही जात नाही. आठ वर्षांच्या पोरानं यातली कुठली टाळी निवडायची? त्यानं आपली बालवाडीतली, ओळखीची उचलली.

शब्दांचीही तीच गत आहे. बीट म्हणजे मात्रा, इथवर ठीक. पण ऱ्हिदमसाठी आपण पटकन ‘लय’ म्हणतो आणि घोटाळा होतो. आपल्या शास्त्रात लय म्हणजे दोन मात्रांमधलं समान अंतर, म्हणजे गती : विलंबित, मध्य, द्रुत. पाश्चात्त्य संगीतात ज्याला ऱ्हिदम म्हणतात ती मात्रांच्या सरळ रेघेवर लहानमोठ्या ध्वनींनी काढलेली नक्षी असते. तिला आपल्या रोजच्या बोलण्यात एकच एक पक्का शब्द नाही. कवितेत छंद म्हणू, तबल्यावर बोलांची बांधणी म्हणू. त्यात ताल म्हणजे मात्रांचं ठरावीक आवर्तन आणि ठेका म्हणजे त्या आवर्तनाचे ठरलेले बोल, हे वेगळंच. आणि वर्गात आपण काय बोलतो? ‘ताल चुकला’, ‘लय सोडू नको’, ‘ठेका धर’, ‘ऱ्हिदममध्ये गा’. चारही वेळा आपल्याला म्हणायचं असतं तेच : मात्रा चुकली.

तेव्हा फळ्यावरच्या व्याख्या पुसून टाका. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला बसवाल तेव्हा त्या लागतीलच, आणि मुलं त्या चोख सांगतीलही. लयीची व्याख्या न अडखळता म्हणणारी आणि त्याच दमात लय पळवणारी मुलं मी डझनांनी पाहिली आहेत (मोठी माणसंही). पुढचा महिनाभर वर्गात दोनच शब्द ठेवा : पाऊल आणि बोल. पाऊल म्हणजे मात्रा. बोल म्हणजे तोंडातून जे निघतं ते. टाळी हा शब्दच काढू नका. पायाला एक काम, तोंडाला एक काम, हात सध्या रिकामे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. जात्यावरची ओवी याच विभागणीवर चालायची. जात्याचा फेरा एकसारखा फिरत राहतो, ओवीच्या ओळीत अक्षरं कधी कमी कधी जास्त, पण गाणारी ती फेऱ्यात बसवते. कुठे एखादं अक्षर लांबवते, कुठे ‘गं’ नाहीतर ‘बाई’ घालून भर करते. खुंट्यावरचा हात आपला चालूच. किंवा दिंडीत पावली खेळणारे वारकरी पाहा. मुखात नाम, हातात टाळ, पाय आपल्या चालीत. रांगेत घुसलेलं सात वर्षांचं पोर आधी पायच उचलायला शिकतं, कारण नाही उचलला तर मागचा अंगावर येतो. त्याला मात्रा म्हणजे काय हे कुणीच समजावलेलं नसतं. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवणाऱ्या एमील झाक-दालक्रोझ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चालण्या-धावण्यातून मात्रा शिकवण्याची एक अख्खी पद्धतच उभी केली. पावली खेळणाऱ्यांना तिचं फार नवल वाटू नये.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

सगळ्यांना उभं करा. जागच्या जागी डावा-उजवा, डावा-उजवा. कुणी नाचायचं नाही, आपटायचं नाही, नुसतं चालायचं. तुम्ही त्यांच्यासमोर तसंच चाला. पाय स्थिरावले की म्हणा :

पोळी । भाजी । वरण । भात

एका पावलाला एक पदार्थ. चार पावलांत ताट संपतं, पुन्हा पहिल्यापासून. आठ-दहा ताटं झाली की थांबवून विचारा, पावलं किती पडली? चार. आणि तोंडानं किती वेळा बोललो? पो-ळी, भा-जी, व-रण, भात. सात. पाय चार, तोंड सात. एवढाच तो बीट आणि ऱ्हिदममधला फरक. मुलं तो तुमच्याआधी सांगतील.

मग पाय तसेच ठेवून ताट बदला. चारही पावलांना नुसता ‘भात’. मग चारही पावलांना ‘पोळी’. मग ‘करंजी’, एका पावलात तीन अक्षरं. मग ‘साबुदाणा’, एका पावलात चार. तबल्याच्या भाषेत तुम्ही एकपट, दुगुन, तिगुन, चौगुन करून घेतलीत आणि कुणाला घाम फुटला नाही. (करंजीला मुलं थोडी अडखळतील, अडखळू द्या. तीनची विभागणी मोठ्यांनाही जड जाते.) इथे पाऊल तेच राहिलं आणि बोल बदलले. आता उलटं करा. बोल तेच ठेवा, ‘पोळी भाजी वरण भात’, पण पावलं आधी संथ, मग भरभर. इथे नक्षी तीच राहिली आणि लय बदलली. हे दोन प्रयोग लागोपाठ केलेत तर तुम्हाला जे फळ्यावर लिहून सांगता आलं नाही ते दहा मिनिटांत मुलांच्या अंगात उतरतं, आणि एखादी चुणचुणीत मुलगी तुम्हालाच विचारते की मग लय म्हणजे पायाची घाई का. तिला हो म्हणा.

तिसरा खेळ मला सगळ्यात आवडतो. एक ताट मोठ्यानं, एक ताट मुक्यानं. मुक्या ताटाला पाय चालूच, तोंड बंद, आणि पाचव्या पावलाला सगळ्यांनी एकदम परत ‘पोळी’वर यायचं. पहिल्या दिवशी अर्धी मुलं लवकर येतील, दोघं-तिघं उशिरा येतील आणि हशा पिकेल. चौथ्या-पाचव्या दिवशी सगळी एकत्र येतात. तोंड बंद असताना जे चालू राहिलं ती मात्रा, हे तेव्हा सांगितलंत तरी चालेल. अक्षरागणिक टाळी वाजवणाऱ्या तुमच्या मुलासाठी हाच खेळ कामाचा आहे, कारण इथे धरायला अक्षरच उरत नाही.

एक अडचण येणार आहे, ती आधीच सांगून ठेवते. कित्येक गाणी पहिल्या मात्रेवर उठतच नाहीत. मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) आधीच सुरू होतो किंवा एखादी मात्रा सोडून. मुलं मात्र तोंडातून पहिलं अक्षर निघालं की तिथेच पहिलं पाऊल टाकतात, आणि मग अख्खं गाणं लंगडतं. ‘अगं पोळी’ म्हणायला लावा, ‘अगं’ हवेत, पाऊल ‘पो’वर. कुठलंही गाणं घेताना आधी चार पावलं रिकामी टाका, पाय सुरू झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असा वर्गाचा नियमच करा. आणि एखादं मूल तुमच्या निम्म्या वेगानं पाय टाकत असेल, पण एकसारखं टाकत असेल, तर त्याला दुरुस्त करू नका. केरव्याच्या ८ मात्रांत कुणी आठ पावलं टाकेल, कुणी चार. दोघंही बरोबर आहेत.

आता तुम्ही करून पाहिलेल्या उपायांविषयी. ते फसले ते तुमच्यात काही कमी होतं म्हणून नव्हे.

मोजणीचं घ्या. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळे एका ठोक्यात संपणारे शब्द. पुढे? स-हा. झाले दोन. सात, आठ पुन्हा एकेक. न-ऊ, द-हा, अक-रा, बा-रा, ते-रा, सगळे दोनाचे, आणि पंधरा नीट उच्चारला तर तीन. सोळा मात्रा मोजताना पाय सोळा पडतात आणि तोंड पंचविशीच्या घरात जातं. बोलांवर टाळी देणारा तुमचा मुलगा केरवा मोजताना नेमका सहाला अडखळतो का, ते एकदा पाहा. अडखळत असेल तर त्याचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा चौकस आहेत. मी स्वतः तबला शिकले, आकडे मोजतच शिकले, आणि हे माझ्या लक्षात यायला शिकवायला लागल्यावर बरीच वर्षं जावी लागली.

पाठ केलेल्या ठेक्याची गंमत वेगळी. ‘धा गे ना ती । न क धि न’ यात एका मात्रेला एकच बोल, म्हणजे पाऊल आणि बोल एकावर एक बसलेले. फरक दिसायला जागाच नाही. मुलं तो सरळ रेघेत म्हणतात आणि त्यांना वाटतं झालं. मग खरा तबलजी येतो, ठेका भरून वाजवतो, मध्ये लग्गी (जलद बोलांची भर) लावतो आणि मुलं हरवतात.

संथ गतीचं तुम्हाला पटणार नाही कदाचित. ‘हळू घेतलं की जमेल’ हे आपण सगळेच मानतो, आणि बोट बसवायला, सूर लावायला ते खरंही आहे. मात्रा धरायला मात्र नवख्याला संथ गती अवघड पडते. दोन मात्रांमध्ये मोकळी जागा मोठी पडली की ती रिकामी ठेवणं कठीण. मूल ती अक्षरांनी भरतं, मोठं माणूस घाईनं भरतं. विलंबितात गाणारे कलावंत ती जागा मनातल्या मनात बारीक तुकडे करून मोजत असतात, तेव्हा कुठे त्यांचा ठहराव दिसतो. माणूस सहज चालताना मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो, सुरुवात तिथूनच करा. लहान मुलांची आपली स्वतःची चाल मोठ्यांपेक्षा जलदच असते, त्यामुळे तुमच्या मुलांना जरा चढी गतीही चालेल. तुमचा मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावलेला असेल अशी मला दाट शंका आहे.

आणि मुळात तो मेट्रोनोम. रियाज करणाऱ्यासाठी उत्तम वस्तू आहे, नवख्या मुलासाठी कोपऱ्यात टिकटिकणारी तिसरीच कटकट. जर्मनीतल्या लायप्झिगमध्ये झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला, एकदा समोर माणूस वाजवत असताना, एकदा यंत्र, एकदा नुसता स्पीकरमधून आवाज. माणसाबरोबर वाजवताना मुलं जास्त नेमकी जुळली. तुमची मुलं त्याहून मोठी आहेत, पण सात वर्षांचं मूल यंत्राकडे कसं पाहतं आणि माणसाकडे कसं पाहतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

बरं, एक प्रश्न विचारू? तुम्ही पेटी वाजवता तेव्हा मात्रा कोण वाजवतं? पेटीवर तुम्ही चाल वाजवता, म्हणजे बोलांचीच नक्षी सुरांतून ऐकवता. ‘एक दोन तीन चार’ तुम्ही म्हणता ते बहुधा गाणं सुरू होण्यापुरतं, कारण नंतर तुम्हालाही गायचं असतं. म्हणजे वर्गात पाऊण तास बोल ऐकू येतात आणि पाऊल कुणाच्याच कानावर पडत नाही. जे वाजतच नाही ते मुलांनी धरावं, ही आपली अपेक्षा! वर्गाची पहिली पंधरा मिनिटं पेटी बंद ठेवा. नंतरही दोन मुलांना पाळीपाळीनं फक्त पाऊल वाजवायचं काम द्या, बाकीचे गातील. ज्याला दोन्ही एकदम जमत नाही त्याला निदान दोन्ही वेगवेगळं ऐकायला मिळतं. लेझीम शिकवणारे शिक्षक हलगी किंवा ढोल आधी सुरू करून मगच मुलांना हलायला सांगतात, त्यात शहाणपण आहे.

काकूंचं दुखणं निराळं आहे. त्यांना मात्रा कळते, ती एकसारखी राहत नाही. त्या नेमक्या कुठे पळतात ते एकदा कान देऊन ऐका. माझा अंदाज, ओळ संपते तिथे. शेवटचं अक्षर चार मात्रा धरायचं असतं, त्या अडीच धरतात, उरलेली दीड खातात आणि पुढच्या ओळीवर उडी मारतात. गाताना शांतता पडली की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटणारी माणसं असतात. शिवाय काकूंनी साठ वर्षं आरत्या म्हटल्या आहेत, आणि घरच्या आरतीची गती शेवटच्या कडव्यापर्यंत वाढतच जाते. भूक लागलेली असते, प्रसाद समोर असतो. त्यांना ‘भाऽऽऽत’ द्या. एक भात चार पावलांचा, पाय चालू, आवाज चालू, पाचव्या पावलाला पुढचं. मग दोन पावलं भात, दोन पावलं मुकी. त्या जागा भरलेल्या नसल्या तरी कुणी रागावत नाही, हे त्यांच्या पायाला कळायला हवं. त्यांना ‘हळू हळू’ म्हणू नका. तसं म्हटलं की माणूस ओळीच्या मध्येच हळू होतो आणि शेवटी पुन्हा पळतोच.

ताल उपजत लागतो का, या प्रश्नाला माझं उत्तर आहे : लागतो, आणि तो जवळजवळ सगळ्यांकडे असतो. हंगेरी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी २००९ मध्ये दोन-तीन दिवसांच्या तान्ह्या बाळांना झोपेत ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच मुख्य मात्रा गाळली. बाळांच्या मेंदूनं ती गाळलेली जागा टिपली. मात्रा ज्यांना खरोखरच धरता येत नाही अशी माणसं आहेत. २०११ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी अशा एका तरुणाची नोंद केली, त्याला संगीताच्या ठेक्यावर अंग हलवणं जमत नसे. पण एका माणसावर शोधनिबंध निघावा इतकं ते विरळ आहे. तुमच्या अकरा मुलांत तसं कुणी असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही. मात्रा जाणवणं आणि तिच्याबरोबर हातपाय हलवता येणं यांत मात्र वर्षांचं अंतर असतं, काही मुलांच्या बाबतीत बरीच वर्षं.

आईला चित्रकलेचं काय सांगायचं? मुलाला चित्रं आवडत असतील तर चित्रकलेला जरूर घाला म्हणावं, पण गाणं जमत नाही म्हणून नको. त्यांना एक छोटं काम द्या. घरी आरतीला किंवा एखाद्या लग्नात ढोल वाजत असताना, त्याला कळू न देता त्याच्या हातापायांकडे पाहायचं. तिथे कुणी परीक्षा घेत नसतं. तिथे तो चारचौघांबरोबर टाळी वाजवत असेल, तर तुमच्या वर्गात तो अडतो ते प्रश्न न कळल्यामुळे. आणि तिथेही त्याची टाळी सुटी पडत असेल तरी घाबरायचं कारण नाही, पावलांचा काळ थोडा लांबेल एवढंच. ‘आमच्या घरात कुणालाच ताल नाही’ हे वाक्य मात्र त्याच्यादेखत परत उच्चारू नका, असं त्यांना स्पष्ट सांगा. हे मी नैतिक उंचीवरून सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी मी एका मुलीला म्हणाले होते, “तू नुसते ओठ हलव.” ती पुढे तीन वर्षं माझ्या वर्गात होती. दर वर्षी ओठ हलवायची, न सांगता.

म्हणून कार्यक्रमात त्याला उभं करून नुसते ओठ हलवायला लावायचं, हा पर्याय मी सुचवणार नाही. अजिबात वगळणंही नको, सोसायटीत त्याची सगळी मित्रमंडळी समोर बसलेली असणार. काही जण अशा मुलाच्या हातात झांज देतात, ‘जबाबदारी दिली की जमतं’ म्हणून. कधीकधी जमतंही. पण झांजेची एक चूक शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते, आणि ती खेळी सहा आठवड्यांत खेळण्याइतकी मला सोपी वाटत नाही. त्यापेक्षा मला सांगा, मुलांनी मंचावर टाळी धरायलाच हवी असं कुणी ठरवलं? तो गाताना चुकत नाही, हे तुमचंच वाक्य. मग गाऊ दे. कुणीच टाळी वाजवायची नाही, सगळ्यांनी उभं राहून हलकेच डावीकडून उजवीकडे भार द्यायचा, पावली खेळतात तसा, पण जागच्या जागी. त्याच्या एका बाजूला पाय पक्का असलेली मुलगी उभी करा. टाळी प्रेक्षक वाजवतीलच. ते गती चढवतील, ती मात्र सांभाळावी लागेल.

त्यासाठी सोसायटीत ढोलकी किंवा तबला वाजवणारा एखादा कॉलेजातला मुलगा असेल तर त्याला गाठा. कार्यक्रमाच्या दिवशी थेट आणू नका, शेवटच्या चार तालमींना बोलवा. पहिल्या दोन तालमींत त्याला साधा ठेका वाजवायला सांगा, भरणा नको, तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) नको. तरुण वादकाला हे सांगणं कठीण जातं. पोरं घाबरतील असं सांगा, ऐकेल.

सहा आठवडे म्हणजे तुमचे बारा वर्ग. पहिल्या चारात गाणं काढूच नका, पोळी-भाजीवरच राहा. आई-वडील विचारतील की हे काय चाललंय, तेव्हा त्यांनाही उभं करा. पाचव्या वर्गापासून कार्यक्रमाचं गाणं पायावर घ्या, पेटीशिवाय. पेटी आठव्यापासून. कागदावर काही दाखवायचंच असेल तर तेही आता, आधी नाही. वहीत चार खण आखा, एका खणात एक पाऊल, आणि खणाच्या आत बोल : एका खणात पोळी, एकात भाजी. ‘भाऽऽऽत’ चार खणांत पसरलेला. भातखंडे लिपीत (स्वर कागदावर लिहिण्याची आपली एक पद्धत) एका मात्रेतले स्वर खाली कंस काढून बांधतात, पुढे ती लिपी शिकवाल तेव्हा मुलांना तो कंस कशाला आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही. हातावर ताल देणं, टाळी-खाली, हे सगळं कोजागिरी झाल्यावर. तेव्हा टाळी या शब्दाला एकच अर्थ उरलेला असेल.

राहता राहिलं पाऊल वाजवायचं साधन. डफ असेल तर उत्तम. नसेल तर स्टीलचा डबा घेऊ नका, त्याचा आवाज घुमत राहतो आणि पुढच्या मात्रेवर सांडतो. लाकडी पाट उलटा ठेवून त्यावर तळहातानं वाजवा. मी अजून तोच वापरते.